पंचनामा ते पासबुक

घटनास्थळाचा पंचनामा बहुधा एक-दोन पानांत आटोपतो. रस्ता किती फूट रुंद, डांबरी की सिमेंटचा, मध्ये दुभाजक आहे का, काचांचे तुकडे कुठे पडले, टायर घासल्याच्या खुणा किती लांब, गाड्यांची तोंडं कुणीकडे. खाली दोन पंचांच्या सह्या. वाहतूक मोकळी करण्याच्या घाईत लिहिलेला हा कागद पुढे कित्येक वर्षं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर वाचला जातो. टायरच्या खुणा रस्त्याच्या कोणत्या अंगाला नोंदवल्या, यावरून चूक कोणाची ते ठरतं. आणि चुकीची वाटणी झाली की भरपाईचीही होते. म्हणून मोटार अपघाताचे दावे चालवणारा जाणता वकील अशील समोर बसला की आधी पंचनामा मागतो, हकीकत नंतर ऐकतो.

२०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघातांची नोंद झाली. त्यांत १,६८,४९१ माणसं गेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. महाराष्ट्रातले मृत्यू पंधरा हजारांच्या वर. गेलेल्यांचा आकडा दरवर्षी बातमीत येतो. जखमींचं पुढे काय झालं, हे जिल्हा न्यायालयाच्या आवारात कळतं. तिथल्या बाकांवर कुबडी टेकून बसलेला तरुण, हातात क्ष-किरण फिल्मची मोठी पिशवी घेतलेली त्याची बायको, आणि ‘आज तरी डॉक्टर साक्षीला येतील ना’ एवढाच प्रश्न. हा लेख मुख्यतः या जखमींच्या दाव्यांबद्दल आहे. मृत्यूच्या दाव्याचं गणित आता बरंचसं पक्कं झालं आहे. जिवंत राहिलेल्या माणसाचं काय गेलं, हे सिद्ध करणं अजूनही अवघड आहे, आणि वकिलाचा कस लागतो तो तिथेच.

मृत्यूच्या दाव्याचं गणित आधी पाहू, कारण त्याच पायावर बाकीचं उभं आहे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा खटल्यात वर्षाच्या उत्पन्नाला ज्याने गुणायचं ते गुणक वयाप्रमाणे ठरवून दिले. पंधरा ते पंचवीस वयाला १८, एकतीस ते पस्तीसला १६, एक्केचाळीस ते पंचेचाळीसला १४ आणि असं उतरत पासष्टच्या पुढे ५. २०१७ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने प्रणय सेठी खटल्यात त्यात भविष्यातल्या उत्पन्नवाढीची भर घातली. कायम नोकरी असलेला चाळिशीच्या आतला असेल तर पन्नास टक्के, स्वतःचा धंदा करणारा किंवा ठरावीक पगारावरचा असेल तर चाळीस. याआधी एकाच अपघातातल्या दोन घरांना दोन न्यायाधिकरणांत अगदी वेगळ्या रकमा मिळत. ते पुष्कळ कमी झालं.

गुणक वयावर चालतो, त्यामुळे वयाचा पुरावा म्हणजे थेट पैसा. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या प्रकरणात मृताचं वय आधार कार्डावरून सत्तेचाळीस धरलं गेलं होतं, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून ते पंचेचाळीस होतं. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही, असं न्यायालयाने सांगितलं आणि दाखला मानला. गुणक तेराचा चौदा झाला, म्हणजे वारसांना आणखी एका वर्षाचं उत्पन्न मिळालं. गावाकडच्या कित्येक माणसांच्या आधारवर एक जानेवारी ही जन्मतारीख असते. तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन दाखल्याची नक्कल काढणं हे दाव्यातलं पहिल्या आठवड्याचं काम आहे.

आता जखमीकडे येऊ. समजा, भोसरीतला चौतीस वर्षांचा वेल्डर मोटारीच्या धडकेत सापडला. उजव्या मनगटाचा चुरा झाला, प्लेट बसवली, हाड जुळलं. मनगट मात्र पूर्ण वळत नाही आणि होल्डर धरला की हात थरथरतो. डॉक्टरांनी अपंगत्वाचा दाखला दिला तीस टक्क्यांचा. महिन्याची कमाई अठरा हजार धरली, तर वर्षाचे २,१६,०००. चाळीस टक्के वाढ मिळवून ३,०२,४००. सोळाने गुणलं की ४८,३८,४००. दाखल्यातले तीस टक्के जसेच्या तसे लावले तर कमाईच्या नुकसानीपोटी १४,५१,५२० रुपये होतात. पण ज्याचा उजवा हात थरथरतो तो वेल्डर राहिलाच कुठे? कमाईची ताकद साठ टक्के गेली असं न्यायाधिकरणाला पटलं, तर रक्कम २९,०३,०४० होते. जखम तीच, दाखला तोच. रक्कम दुप्पट झाली ती त्या हाताने तो काय काम करत होता हे कोणीतरी नीट मांडलं म्हणून.

हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात फार स्पष्ट मांडला. दाखल्यावरची टक्केवारी शरीराची असते, कमाईच्या नुकसानीची टक्केवारी वेगळी काढावी लागते. डावा हात गेला तर ड्रायव्हरचा किंवा सुताराचा धंदा जवळजवळ पूर्ण बुडतो. सरकारी कचेरीतला कारकून तीच नोकरी पुढे करू शकतो. उलटही होतं. खुद्द त्या खटल्यातल्या जखमीच्या दाखल्यावर पायाचं अपंगत्व पंचेचाळीस टक्के होतं, न्यायालयाने कमाईचं नुकसान वीस टक्के धरलं. इतक्या वर्षांनंतरही पुष्कळ दाव्यांत दाखल्यातला आकडा उचलून गणित मांडलेलं दिसतं. ही निव्वळ आळशी वकिली आहे, आणि तिची किंमत आयुष्यभर मोजतो तो जखमी माणूस.

वेल्डरचं काम न्यायाधीशांपुढे मांडायचं कसं? शपथपत्रात ‘अर्जदार वेल्डिंगचे काम करीत होता’ एवढं लिहून भागत नाही. वर्कशॉपच्या मालकाची साक्ष लागते. वेल्डिंग रॉड घेतल्याच्या पावत्या, उद्यम नोंदणी, फोनवर आलेल्या पैशांचा बँकेतला उतारा, त्याने बनवलेल्या ग्रिलचे आणि गेटचे फोटो, हे सगळं जोडावं लागतं. हातावर पोट असणाऱ्याकडे पगाराची स्लिप नसते, म्हणून न्यायाधिकरण अंदाजाने उत्पन्न धरतं, आणि तो अंदाज नेहमी खालच्या बाजूचा असतो. अठराच्या जागी नऊ हजार धरले की वर मांडलेलं सगळं अर्ध्यावर येतं. पुरावा अगदीच नसेल तर त्या काळातल्या किमान वेतनाच्या अधिसूचनेचा आधार घेता येतो. तीही दाव्याला जोडावी लागते.

डॉक्टरांची साक्ष हा सगळ्यांत कठीण टप्पा. दाखला देणारे डॉक्टर कोर्टात यायला नाखूश असतात, त्यांचा दवाखाना बुडतो, तारीख पुढे जाते. राजकुमार निकालातच न्यायालयाने न्यायाधिकरणांना सुचवलं होतं की डॉक्टरांना ठरावीक वेळ द्या, ताटकळत ठेवू नका, गरज पडली तर कमिशनर नेमून साक्ष घ्या. आता व्हिडिओवरूनही साक्ष होऊ शकते. डॉक्टरांना विचारायचा खरा प्रश्न एकच: या माणसाला कोणती हालचाल जमत नाही? मनगट किती अंशात वळतं, मूठ किती घट्ट होते, किती वजन उचलतं. टक्केवारी त्यानंतर.

कमाई नसलेल्यांबद्दल न्यायालयांनी गेल्या काही वर्षांत जे केलं, त्याची दखल घ्यावीशी वाटते. घर सांभाळणाऱ्या बाईचं काम फुकट नसतं, हे २००१ च्या लता वाधवा निकालात आलं होतंच. जानेवारी २०२१ च्या कीर्ती निकालात तिच्या मानीव उत्पन्नाचा आणि त्यावरच्या वाढीचा विचार आणखी नीट झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये हरियाणातल्या एका मुलीचा दावा सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. बाराव्या वर्षी ट्रॅक्टरच्या धडकेने तिच्या मेंदूला मार बसला, आणि समज तान्ह्या बाळाएवढी उरली. न्यायालयाने दिवसरात्र सांभाळायला दोन माणसं लागतील असं धरलं, दरमहा प्रत्येकी पाच हजार, आणि त्यालाही १८ चा गुणक लावला. एवढ्या एकाच बाबीचे २१,६०,००० रुपये झाले. उच्च न्यायालयाने दिलेली साधारण पंचवीस लाखांची भरपाई बासष्ट लाखांवर गेली. जखमीची सेवा घरातली बाईच करत असते, म्हणून तिचा खर्च कोणी मागत नाही. तो मागितला पाहिजे.

मुंबई उच्च न्यायालयाचे काही निकालही हाताशी हवेत. पुण्याहून मुंबईला येताना २०१० मध्ये झालेल्या एका अपघातात टायर फुटणं ही दैवी आपत्ती आहे असा बचाव विमा कंपनीने केला होता. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो फेटाळला. टायर तपासणं, हवा पाहणं हे मालक-चालकाचं काम आहे, असं त्याने ठरवलं. त्याच वर्षी, विधवेने पुन्हा लग्न केलं म्हणून तिचा भरपाईचा हक्क जात नाही, असंही या न्यायालयाने सांगितलं. मार्च २०२५ मध्ये पूर्णपीठाने आणखी एक जुना वाद मिटवला. जखमीला मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम दाव्यातल्या औषधोपचाराच्या खर्चातून वजा करायची नाही. ज्याने स्वतःचे हप्ते भरून विमा घेतला, त्याचा फायदा धडक देणाऱ्याच्या विमा कंपनीला का मिळावा? मला हा निकाल अगदी रास्त वाटतो.

मोटारीतच बसलेल्यांचा प्रश्न निराळा आहे आणि तो लोकांना ठाऊक नसतो. मित्राच्या गाडीतून लग्नाला निघालात आणि त्याने गाडी झाडावर घातली. त्याच्याकडे फक्त कायद्याने सक्तीची, म्हणजे बोलीभाषेतली ‘थर्ड पार्टी’, पॉलिसी असेल तर खासगी मोटारीत फुकट बसलेल्या प्रवाशाला तिचं संरक्षण नाही. पॅकेज पॉलिसी असेल तर आहे. बाळकृष्णन खटल्याच्या २०१२ च्या निकालात हा फरक स्वच्छ झाला. म्हणून वकिलाने वाहनाच्या क्रमांकावरून एमपरिवहन ॲपवर विमा चालू आहे की नाही एवढं पाहून थांबू नये, पॉलिसीची पूर्ण प्रत मागवावी आणि हप्त्याचा तक्ता वाचावा. स्वतःच्याच चुकीने जखमी झालेल्या चालकाला स्वतःच्या विमा कंपनीकडून अशी भरपाई मागता येत नाही, त्याला फक्त मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याचा आधार. आणि पांढऱ्या पाटीची गाडी वडापाला लावली असेल, तर कंपनी अटींचा भंग झाल्याचा बचाव घेणार हे धरूनच चालावं. अशा वेळी २००४ च्या स्वर्णसिंग निकालापासून ‘आधी द्या, मग मालकाकडून वसूल करा’ हा मार्ग न्यायालयं वापरत आली आहेत, पण तो आपोआप मिळत नाही, मागावा लागतो.

परवान्याचा वादही असाच. हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस साडेसात हजार किलोपर्यंतचं प्रवासी किंवा मालवाहू वाहन चालवू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी कायम केलं. टेम्पोवाल्याच्या परवान्यावर शिक्का नाही म्हणून हात झटकण्याचा विमा कंपन्यांचा आवडता मार्ग त्यामुळे बंद झाला.

पुराव्याची साधनं बदलली आहेत, आणि इथे घाई करावी लागते. टोलनाक्यावरचं, पेट्रोल पंपावरचं किंवा धाब्यावरचं सीसीटीव्ही चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं. तेव्हा ते जपून ठेवण्याचं लेखी पत्र वकिलाने वकीलपत्रावर सही झाली त्याच दिवशी पाठवलं पाहिजे, आणि त्याची पोच घेतली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याला दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, एक चित्रण देणाऱ्याचं आणि दुसरं तज्ज्ञाचं. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. फाइलमध्ये एका बिंदूचाही फरक पडला तर हा आकडा बदलतो. डॅशकॅममधलं चित्रण नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरून वकिलापर्यंत आलं की ते कॉम्प्रेस झालेलं असतं, आणि त्याचा आकडा मूळ फाइलशी जुळत नाही. मूळ मेमरी कार्डच काढून पाकिटात सीलबंद करावं.

रक्ताच्या नमुन्याचं महत्त्व पुण्याने १९ मे २०२४ नंतर पाहिलं. कल्याणीनगरमध्ये पोर्शे मोटारीच्या धडकेत दोन तरुण संगणक अभियंते गेले, गाडी अल्पवयीन मुलगा चालवत असल्याचं पोलिसांचं म्हणणं होतं, आणि रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली. असं प्रकरण एरवी कोणाच्या नजरेत येत नाही. नमुना किती वाजता घेतला, कोणी घेतला, कोणाच्या ताब्यात दिला, हे कागद दाव्याच्या वकिलानेही मागवावेत. एक दिलासा आहे. फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा न्यायाधिकरणाला लागत नाही, कोणती बाजू अधिक संभवते एवढं पुरतं. चालक फौजदारी खटल्यात सुटला म्हणून दावा पडत नाही.

पोलिसांचे कागद मिळवण्यासाठी ठाण्यात हेलपाटे घालणं हा या वकिलीतला जुना जाच. १ एप्रिल २०२२ पासून नवे केंद्रीय नियम आले. पोलिसांनी अठ्ठेचाळीस तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा, पीडितांना त्यांचे हक्क दहा दिवसांत कळवायचे, पन्नास दिवसांत अंतरिम अहवाल आणि नव्वद दिवसांत सविस्तर अहवाल सादर करायचा. दिल्लीत उच्च न्यायालयाने राजेश त्यागी प्रकरणात ही पद्धत आधीच बसवली होती. डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर नेटाने राबवायला सांगितलं. ई-डार प्रणालीत अपघाताची नोंद होते, फोटो चढतात. या सविस्तर अहवालालाच न्यायाधिकरण दावा अर्ज मानू शकतं. पण अहवाल वेळेत येईल या भरवशावर बसून राहणं धोक्याचं आहे.

कारण मुदत. १९९४ साली संसदेने अपघाताच्या दाव्याची मुदतच काढून टाकली होती. रुग्णालयात पडलेल्या माणसाकडून तारखा सांभाळण्याची अपेक्षा धरू नये, हा त्यामागचा विचार होता. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत परत आणली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. उशीर माफ करण्याची तरतूदही ठेवली नाही. मांडीच्या हाडाचा चुरा झालेला माणूस सहा महिन्यांत धड चालतही नसतो. दुसरी शस्त्रक्रिया व्हायची असते, अपंगत्व कायमचं किती ते ठरलेलं नसतं. मला ही तरतूद निर्दय वाटते. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन, केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नका असं सांगितलं. अंतिम निकाल काय लागेल यावर अशिलाचं नशीब टांगून ठेवू नये. दाखला नसला तरी सहा महिन्यांच्या आत अर्ज लावावा, अपंगत्वाचा तपशील दुरुस्तीने नंतर घालता येतो.

त्याच दुरुस्तीने कलम १६४ आणलं. चूक कोणाची ते न पाहता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. विमा कंपनीकडून ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालचा, म्हणजे चूक सिद्ध करून मागायचा मोठा दावा संपतो. आपल्या वेल्डरच्या एकोणतीस लाखांसमोर अडीच लाख ठेवून पाहावेत. घरात पैसा नसताना पहिल्याच महिन्यात पुढे आलेल्या कागदावर माणूस सही करतो. त्या वेळी शेजारी प्रामाणिक वकील असणं, याहून मोठी मदत नाही. धडक देऊन पळालेलं वाहन सापडलंच नाही तर मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळण्याची योजना आहे. त्यासाठी अर्ज मात्र प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा असतो. मे २०२५ पासून अपघातग्रस्तांसाठी सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचारांची केंद्राची योजनाही लागू आहे.

वकिलीच्या या शाखेला बदनामीही चिकटली आहे. रुग्णालयाच्या दाराशी उभे राहणारे दलाल, टक्केवारीने ठरलेली फी, खोटी वाहनं उभी करून केलेले दावे. उत्तर प्रदेशातल्या खोट्या दाव्यांची दखल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला घ्यावी लागली. निकालाच्या रकमेत वाटा घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, तरी ‘इतके टक्के’ ही भाषा सर्रास ऐकू येते. गरीब माणसाकडे आधी द्यायला फी नसते हे खरं. पण जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं, आणि अपघातात अपंगत्व आलेला माणूस उत्पन्न न पाहताही त्या मदतीला पात्र ठरू शकतो. लोकअदालतीत तडजोड करतानाही घाई नको. लवकर पैसा हातात येणं मोलाचं आहे, पण तडजोडीचा आकडा वर मांडलेल्या गणिताशी ताडून पाहिल्याशिवाय पुरसिसवर, म्हणजे न्यायालयात द्यायच्या तडजोडीच्या लेखी निवेदनावर, सही होता कामा नये.

निकाल लागला की काम संपलं असं वाटतं, आणि पुष्कळ रकमा तिथेच अडकतात. विमा कंपनी पैसे न्यायाधिकरणात भरते, पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या अर्जदाराने तोवर दोन पत्ते बदललेले असतात, नोटीस परत येते. अशा न उचललेल्या रकमांची दखल सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली, आणि एप्रिल २०२५ मध्ये अर्जातच दावेदाराचा पत्ता, आधार, पॅन, ई-मेल घेण्याचे, बँकखात्याचा तपशील नोंदवण्याचे निर्देश दिले. त्याआधी मार्चमध्ये, परमिंदर सिंग खटल्यात, रक्कम थेट दावेदाराच्या खात्यात भरण्याची पद्धत न्यायालयाने सांगितली होती. मधल्या हातांना त्यात वाव राहत नाही. अज्ञान मुलांच्या वाट्याची रक्कम मुदतठेवीत जाते. ती मुलं अठरा वर्षांची कधी होतात, याची तारीख वकिलाने आपल्या डायरीत लिहून ठेवावी, कारण वडील गेले तेव्हा चार वर्षांच्या असलेल्या मुलीला आपल्या नावाने बँकेत पैसे आहेत हे सांगणारं घरात बहुधा कोणी उरलेलं नसतं.